शंभर वर्षं जुनी भूतकथा आज अंगावर काटा आणते का?

या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं म्हणजे, 'छे, आता कोण घाबरतंय? इतके सिनेमे पाहून झालेत.' आणि दुसरं, 'जुनं ते सोनं, आता तसं कोणी लिहीत नाही.' ही दोन्ही उत्तरं पुस्तक न उघडताही देता येतात, हीच त्यांची अडचण आहे. पुस्तक उघडून कथेचे भाग सुटे करून पाहिले की दिसतं, काही कथा पार मेल्या आहेत, काहींवर गंज चढलाय, आणि काही आजही पहिल्या दिवसासारख्या चालतात. भूत कुठल्या जातीचं आहे यावर हे ठरत नाही. लेखकाने वाचकाला काय, कधी आणि किती कळू दिलं, यावर ठरतं.

इथे विषय आहे तो इंग्रजी भूतकथेच्या भरभराटीच्या काळाचा, साधारण १८५० ते १९३०. नियतकालिकांच्या नाताळ अंकांत भूतकथा हमखास असायची. (आपल्याकडे १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हा डोळ्यांसमोर हेच नाताळ अंक होते.) पुढे तीन-चार कथांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी आधी 'द मंकीज पॉ' वाचून यावं, अर्ध्या तासाचंही काम नाही.

दचकणं वेगळं, धास्ती वेगळी

आधी एक घोळ मिटवू. 'घाबरलो' या एका शब्दात आपण दोन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो.

दचकणं ही शरीराची क्रिया आहे. मागे अचानक भांडं पडलं की डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात, आणि हे सगळं विचार करायच्या आत होऊन जातं. त्यासाठी आवाज किंवा हालचाल अनपेक्षित क्षणी यावी लागते. सिनेमात तो क्षण दिग्दर्शकाच्या हातात असतो. पुस्तकात तो वाचकाच्या हातात असतो. वाचक स्वतःच्या गतीने जातो, मध्येच थांबतो, त्याची नजर पुढच्या परिच्छेदावर आधीच जाऊन आलेली असते. म्हणून छापील कथा दचकवू शकत नाही. १९०४ मध्येही शकत नव्हती. 'या कथेत दचकायलाच होत नाही' ही तक्रार करणारा वाचक पुस्तकाकडे सिनेमाचा हिशेब मागत असतो.

पुस्तकाचं बळ धास्तीत आहे. काहीतरी येणार हे कळलंय, पण काय, कुठून, ते कळलेलं नाही, अशी ती अवस्था. अठराव्या शतकाच्या अखेरीस गाजलेल्या कादंबरीकार अ‍ॅन रॅडक्लिफ यांचा एक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापला गेला. त्यात त्यांनी हीच फारकत केली आहे: एका प्रकारची भीती मनाला जागं करते, दुसरी त्याला गोठवते. आणि जागं करणाऱ्या भीतीला अस्पष्टता लागते, असं त्यांचं म्हणणं. दोनशे वर्षं होत आली, यात दुरुस्ती करावी असं फारसं काही सापडत नाही.

उशीखाली हात

आता एका प्रसंगाकडे जवळून पाहू. एम. आर. जेम्स (१८६२–१९३६) हे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे आणि पुढे ईटन या शाळेचे प्रमुख, जुन्या हस्तलिखितांचे जाणकार. भूतकथा हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. त्यांची 'कास्टिंग द रुन्स' ही कथा १९११ च्या संग्रहात आली. त्यात डनिंग नावाच्या एका सभ्य, कोरड्या माणसाने कार्सवेल नावाच्या विक्षिप्त गृहस्थाचा निबंध नापसंत केलेला असतो, आणि कार्सवेल त्याच्या हातात नकळत एक चिठ्ठी सरकवतो. चिठ्ठीवर मंत्राक्षरं असतात. तिथून डनिंगच्या मागे काहीतरी लागतं.

एका रात्री डनिंग घरात एकटा असतो. का? तर दोन्ही नोकर आजारी आहेत. का आजारी? दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून शिंपल्या घेतल्या, त्या बाधल्या. किती कंटाळवाणं कारण! पण जेम्स यांना नेमकं तेच हवंय. घर रिकामं झालं, आणि ते कसं झालं याकडे वाचकाचं लक्षही गेलं नाही.

डनिंग झोपायला जातो. खालच्या खोलीचं दार उघडल्यासारखा आवाज येतो. तो बाहेर येऊन पाहतो, काही नाही. परत खोलीत येतो तर विजेचा दिवा लागत नाही. मग आपण सगळे जे करू तेच तो करतो: काडेपेटी हवी, आणि घड्याळात किती वाजलेत तेही पाहावं, म्हणून सवयीने उशीखालच्या नेहमीच्या जागी हात घालतो. हात तिथवर पोचत नाही. मध्येच त्याला तोंड लागतं. दात असलेलं, भोवती केस असलेलं, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे माणसाचं नसलेलं. पुढच्या वाक्यात तो दुसऱ्या खोलीत दार आतून लावून, दाराला कान लावून उभा आहे.

बस, एवढंच आहे. हा प्रसंग शंभरहून अधिक वर्षं का टिकला?

एक, डनिंगची हालचाल धाडसाची नाही, सवयीची आहे. पडक्या वाड्यात एकटा गेलेला नायक वाचकाला परका वाटतो. उशीखाली हात घालणं रोजचं आहे. दोन, दिवा आधीच काढून घेतलेला आहे, म्हणून सगळा भार स्पर्शावर येतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल शंका घेता येते, भास म्हणून सोडून देता येतं. हाताला लागलेल्या दातांबद्दल तशी सोय नाही. तीन, 'त्याच्या म्हणण्याप्रमाणे' हे कोरडं, पंचनाम्यातलं वाटावं असं शब्दयोजन. लेखक किंचाळत नाही, त्यामुळे वाचकाला ते काम स्वतः करावं लागतं. चार, ते तोंड कोणाचं, तिथे कसं आलं, नंतर कुठे गेलं, याचं कथेत कुठेही उत्तर नाही.

आणि पाचवी गोष्ट काळाने फुकटात दिली आहे. १९११ मध्ये उशीखाली काडेपेटी आणि घड्याळ असायचं. आज त्या दोन्हींची कामं करणारी एकच वस्तू त्याच जागी असते. रात्री जाग आली की उजेड आणि वेळ या दोन्हींसाठी आपण मोबाईल चाचपतो. एका शतकात तंत्रज्ञान पार बदललं आणि हात पुन्हा तिथेच जातो. जी कथा काडेपेटीवर उभी होती ती कालबाह्य झाली असती. ही सवयीवर उभी आहे.

जेम्स यांचा हिशेब

जेम्स यांनी १९२४ मध्ये एका कथासंग्रहाला प्रस्तावना लिहिली आणि तिथे आपली रीत सरळ सांगून टाकली. दोन घटक महत्त्वाचे: वातावरण आणि बेतशीर चढत जाणारा सूर. पात्रं शांतपणे समोर आणायची, त्यांना आपापल्या कामात मग्न दाखवायचं, आजूबाजूला सगळं ठीक असू द्यायचं. मग त्या निवांतपणात अशुभ गोष्टीने जरासं डोकं काढायचं, आधी सहज नजरेआड व्हावं इतकंच, मग थोडं ठळक, आणि शेवटी रंगमंच तिच्याच ताब्यात. त्यांनी आणखी एक सूचना केली आहे, आणि ती लिहिणाऱ्याने भिंतीवर चिकटवावी अशी आहे: नैसर्गिक स्पष्टीकरणाला एक फट ठेवावी, पण ती इतकी अरुंद असावी की तिच्यातून बाहेर पडता येऊ नये.

'ओ, व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड' (१९०४) या कथेत ही रीत पायरीपायरीने मोजता येते. पार्किन्स नावाचा तरुण, हेकट प्राध्यापक सुट्टीत समुद्रकाठच्या खाणावळीत उतरणार आहे. खोलीत एक पलंग जास्तीचा आहे. ही माहिती आपल्याला जेवणाच्या टेबलावरच्या थट्टेतून मिळते: एक सहकारी म्हणतो, मीच येऊन झोपतो की त्या पलंगावर. वाचक हसून पुढे जातो. मग पार्किन्सला जुन्या अवशेषांत एक धातूची शिट्टी सापडते आणि तो ती वाजवतो. वारा उठतो. दुसऱ्या दिवशी मोलकरीण विचारते, जास्तीचं पांघरूण कुठल्या पलंगावर घालू, दोन्हीकडे कोणी झोपल्यासारखं दिसतंय. पार्किन्स म्हणतो, मीच सामान टाकलं असेल. ही पहिली फट, चांगली रुंद. मग रस्त्यावर एक घाबरलेला पोरगा भेटतो. खिडकीतून कोणीतरी पांढरं काहीतरी हलवून खुणा करत होतं म्हणतो, आणि ती खिडकी पार्किन्सच्या खोलीची निघते, कुलूप असलेल्या. फट अरुंद झाली. शेवटच्या रात्री दुसऱ्या पलंगावरची चादर उठून बसते.

चादरीचं भूत! ऐकायला किती पोरकट. पांढरी चादर पांघरून लहान मुलं घाबरवतात तेच. पण जेम्स यांनी चादरीखाली कोणी ठेवलेलं नाही. चुरगळलेल्या कापडाला आपोआप आलेला चेहरा, आणि तो आंधळा आहे, हाताने चाचपत शोधतोय. ठरीव चिन्ह घेऊन त्यातला आधार काढून घेण्याची ही युक्ती. खरी भीती मात्र त्या रात्रीची नसून, दोन पलंगांच्या हिशेबाची आहे. तो हिशेब वाचकाच्या डोक्यात पहिल्या दोन पानांपासून चालू असतो.

इथे मराठी वाचकाला एक अडखळ येते. आपल्या लोकपरंपरेतल्या भुतांना नियम असतात. मुंजा पिंपळावर, हडळीचे पाय उलटे, कोकण-गोव्यातल्या देवचाराला त्याचा मान दिला की तो उलट राखण करतो. कोण आहे ते ओळखलं की काय करायचं तेही ठरलेलं: नारळ, उतारा, सीमेवरचा देव. ही भीती करारातली भीती आहे. जेम्स यांच्या कथेत 'अहो, पण ते नक्की होतं काय?' हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो, आणि तो अपुरेपणा वाटू शकतो. तो मुद्दाम ठेवलेला आहे, कारण नाव कळलं की उपाय सुचतो.

ज्या मेल्या

आता दुसरी बाजू. १७६४ साली होरेस वॉलपोल यांनी लिहिलेल्या 'द कॅसल ऑफ ओट्रांटो'ने इंग्रजीत गॉथिक कादंबरीची, म्हणजे शापित वाड्यांच्या भयकथांची, सुरुवात झाली असं मानतात. त्यात पहिल्याच प्रकरणात आभाळातून अजस्र शिरस्त्राण पडून नवरदेव चिरडला जातो. आज ते वाचून हसू येतं, आणि त्यात वाचकाचा दोष नाही. दैवी शिक्षा, वंशाचा शाप, भिंतीवरचं चित्र चौकटीतून उतरणं, हे सगळं मानणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. विश्वास गेला की कथेच्या पायाखालची जमीनच जाते. डनिंगच्या हाताला लागलेल्या दातांसाठी मात्र कशावरही विश्वास ठेवावा लागत नाही, हात असला की पुरे.

काही कथा अर्धवट मेल्या. शेरिडन ले फानू यांची 'ग्रीन टी' (१८६९) घ्या. एका पाद्र्याच्या मागे लाल डोळ्यांचं छोटं काळं माकड लागतं. पहिल्यांदा ते दिसतं घोड्यांच्या बसमध्ये, अंधारात दोन ठिपके म्हणून. पाद्री छत्रीच्या टोकाने त्याला ढोसून पाहतो आणि छत्री आरपार जाते. हा क्षण आजही उत्तम आहे. पण कथेतले डॉक्टर याचं खापर फोडतात ते रात्री जागून हिरवा चहा पिण्यावर. वजन उतरवायला सकाळ-संध्याकाळ तोच चहा पिणाऱ्या आजच्या वाचकापुढे ते स्पष्टीकरण टिकणं कठीण. यावरून एक ढोबळ नियम काढता येतो: जुन्या भूतकथेत आधी शिळं होतं ते स्पष्टीकरण, आणि त्यातही त्या काळी जे शास्त्रीय वाटत होतं ते सर्वांत आधी.

'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) या हेन्री जेम्स (हे दुसरे जेम्स) यांच्या लघुकादंबरीचं दुखणं निराळं. भुतं खरी की सांगणाऱ्या बाईंचं डोकं फिरलंय, हा पेच उत्तम आहे. पण वाक्यं इतकी लांब आणि वळणांची की अर्ध्यावर कर्ता कोण ते विसरायला होतं. ज्याला वाक्यं परत परत वाचायला आवडतात त्याच्यासाठी ती जिवंत आहे. झोपण्यापूर्वी चार पानं वाचणाऱ्यासाठी नाही.

रडयर्ड किपलिंग यांचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. त्यांच्या भूतकथांचं पुस्तक १८८८ मध्ये ए. एच. व्हीलर यांच्या रेल्वे ग्रंथमालेत आलं. हो, फलाटावरच्या पुस्तकांच्या टपऱ्यांवर ज्यांचं नाव आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचलं तेच व्हीलर. त्यातल्या सिमल्याच्या भुताळी रिक्षाच्या कथेत रिक्षातली मृत बाई आपल्याला सोडून गेलेल्या प्रियकराला पुन्हा पुन्हा भेटते. आज तिची भीती वाटत नाही, कणव येते, आणि तो माणूस मात्र नकोसा होतो. कथा मेली नाही, तिचा प्रकार बदलला. त्याच पुस्तकात डाकबंगल्यातली एक कथा आहे: शेजारच्या खोलीत रात्रभर बिलियर्ड्सचे चेंडू आपटल्याचा आवाज, आणि ती खोली तर त्या टेबलाला पुरणारीही नाही. सकाळी उलगडा होतो, छताच्या कापडातला उंदीर आणि वाऱ्याने वाजणारी खिडकी. उलगडा होईपर्यंतची पानं आजही अस्वस्थ करतात, आणि उलगड्यानंतर कथा फुसकी होते. निवेदक स्वतःही त्याबद्दल हळहळतो.

पंजा आपल्याकडून गेला, तरीही

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज मूळचे विनोदी लेखक, गोदी आणि खलाशांच्या गोष्टी लिहिणारे. 'द मंकीज पॉ' १९०२ ची. एकवीस वर्षं हिंदुस्थानात काढलेला एक सार्जंट-मेजर एका इंग्रज कुटुंबाकडे वाळवलेला माकडाचा पंजा ठेवून जातो. फकिराने मंतरलेला, तिघांच्या तीन-तीन इच्छा पुऱ्या करणार.

इथे भारतीय वाचक कपाळाला आठी घालतो, आणि ते रास्त आहे. त्या काळच्या इंग्रजी कथांत हिंदुस्थान म्हणजे शापित वस्तूंचं गोदाम. इंग्रज वाचकाला 'फकीर' शब्दानेच शहारा येत असेल. आपल्याला येत नाही. मग कथा आपल्यावर चालते कशी? कारण तो तपशील नुसतं वेष्टन आहे. खरी यंत्रणा पुढे आहे.

वडील सहज २०० पौंड मागतात. दुसऱ्या दिवशी मुलाच्या कारखान्यातला माणूस येतो: मुलगा यंत्रात सापडून गेला, कंपनी जबाबदारी घेत नाही, पण भरपाई म्हणून काही रक्कम देऊ इच्छिते. किती? २००. याला शाप म्हणता येईल किंवा योगायोग. जेम्स यांनी सांगितलेली फट बावीस वर्षं आधी इथे उघडी आहे.

मुलाला पुरून दिवस लोटतात आणि आई म्हणते, त्याला परत माग. वडील नको म्हणतात, आणि तेव्हा एक वाक्य येतं जे घाईत वाचणाऱ्याच्या हातून निसटतं: मी त्याला फक्त कपड्यांवरून ओळखलं होतं. सगळी कथा या वाक्यावर टांगलेली आहे. हे वाक्य नसेल तर दारावरची टकटक म्हणजे परतलेला मुलगा. हे वाक्य असेल तर दारापलीकडे काय उभं आहे ते वाचकाला स्वतः रंगवावं लागतं, आणि कोणीही स्वतःला मिळमिळीत चित्र दाखवत नाही. आई कडी काढायला धडपडतेय, वरच्या बोल्टला तिचा हात पोचत नाही, खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. वडील जमिनीवर पंजा चाचपत आहेत. तिसरी इच्छा. दार उघडतं तेव्हा समोर रस्ता आहे, दिवा आहे, कोणी नाही. लेखकाने भूत दाखवलेलंच नाही, मग शंभर वर्षांत ते जुनाट कसं दिसणार? सिनेमातले मुखवटे आणि रंगरंगोटी दहा वर्षांत केविलवाणी होते.

या कथेच्या नकला इतक्या झाल्यात की शेवट बहुतेकांना ठाऊक असतो. तरी ती चालते. धक्क्यावर उभी असलेली कथा एकदाच वाचता येते. धास्तीवर उभी असलेली कथा शेवट माहीत असताना उलट जास्त छळते, कारण २०० हा आकडा पहिल्यांदा उच्चारला जातो तेव्हाच पोटात खड्डा पडतो.

धोका आहे, पण कुठे?

चार्ल्स डिकन्स यांची 'द सिग्नलमन' १८६६ च्या नाताळातली. आदल्या वर्षी, ९ जून १८६५ रोजी, इंग्लंडातल्या स्टेपलहर्स्टला पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढलेले असताना गाडी आली आणि डबे खाली कोसळले. दहा माणसं गेली. डिकन्स त्याच गाडीत होते, त्यांचा डबा लटकत राहिला. दुरुस्तीच्या मुकादमाने वेळापत्रक चुकीचं वाचलं होतं, आणि झेंडीवाला नियमाप्रमाणे १,००० यार्डांवर असायला हवा होता तो ५५४ यार्डांवर उभा होता. म्हणजे इशारा दिला गेला, पण गाडी थांबायला पुरेल इतका आधी नाही.

कथेतला सिग्नलमन बोगद्याच्या तोंडाशी एक आकृती पाहतो, एक हात तोंडावर घेतलेली, दुसऱ्याने जिवाच्या आकांताने खुणा करणारी. ती दिसली की त्या मार्गावर कोणीतरी दगावतं. आता तिसऱ्यांदा दिसतेय. त्याचा पेच भुताचा नाहीच. तो म्हणतो, मी दोन्ही बाजूंना 'धोका' अशी तार केली तर उलट तार येईल, 'कसला धोका? कुठे?' आणि माझ्याकडे उत्तर नाही. वेडा ठरवून कामावरून काढतील. रात्रपाळीत यंत्रांसमोर बसणारा कोणीही हे ओळखेल: खूण मिळाली आहे, वर कळवायला पुरावा नाही, आणि उद्या काही झालं तर जबाबदार आपणच. १८६६ पेक्षा आज अशा खुर्च्यांवर बसणारी माणसं जास्त आहेत, त्यामुळे या कथेचा वाचकवर्ग वाढलाच असावा.

मराठीत आणताना काय बिघडतं

अनुवादात आणि सांगोवांगीत या कथा बहुधा एकाच कारणाने मरतात: विशेषणं. 'त्या भयाण, काळ्याकुट्ट अंधारातून एक भेसूर, विद्रूप आकृती झेपावली आणि त्याची पाचावर धारण बसली.' या वाक्यात वाचकाला करण्यासारखं काही उरलेलं नाही. घाबरण्याचं कामही पात्राने उरकून टाकलं.

याच्या उलट ही दोन वाक्यं पाहा: 'कुलूप काढून तो आत आला. मोरीत बादली भरत आली होती.' एकही भयंकर शब्द नाही. पण वाचक आपसूक हिशेब करतो की बादली भरत आलीय म्हणजे तोटी चार-पाच मिनिटांपूर्वी उघडली, आणि कुलूप बाहेरून होतं. मग तो स्वतःची समजूत घालतो की सकाळी पाणी गेलं तेव्हा तोटी उघडी राहिली असेल, आता आलं असेल. हीच ती फट. ती अरुंद करायची तर दोन पानं आधी, शेजारणीच्या कुरकुरीत, सहज येऊ द्यायचं की या चाळीत पाणी सकाळी सहा ते सातच येतं. आणि प्रसंग ठेवायचा रात्री अकराचा. कुरकूर नेमकी कुठे ठेवता यावर सगळं आहे. प्रसंगाच्या लगेच आधी ठेवली तर वाचक सावध होतो, नंतर ठेवली तर ती पुरवलेली माहिती वाटते.

दुसरी चूक म्हणजे जास्तीचा शेवटचा परिच्छेद. 'नंतर कळलं की त्या खोलीत पूर्वी एका बाईने…' हे लिहिलं की बादलीचं काम संपलं.

वाचायचं कसं

जेम्स यांच्या कथा मुळात ऐकवण्यासाठी होत्या. पहिल्या दोन त्यांनी २८ ऑक्टोबर १८९३ ला केंब्रिजच्या एका मंडळात वाचल्या. पुढे नाताळात मित्रमंडळींना बोलावून, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवून वाचायचे. मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्यूमेन, जुन्या ६० वॉटच्या बल्बचा ८०० च्या आसपास. म्हणजे पान सोडून बाकी खोली अंधारातच. ट्यूबलाइटखाली वाचून 'काही वाटलं नाही' म्हणणं जरा अन्यायाचं आहे. पानावर पडणारा एकच दिवा ठेवा. कागदी पुस्तक उत्तम. मोबाईलवर वाचत असाल तर इंटरनेट बंद करा, कारण चढत जाणारा सूर एका गॅसबुकिंगच्या मेसेजने शून्यावर येतो आणि परत पहिल्यापासून चढत नाही.

एका बैठकीत संपवा. एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४२ मध्येच म्हटलं होतं की कथा अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत वाचून व्हावी, नाहीतर परिणामाची एकसंधता जाते. 'द मंकीज पॉ' साधारण ४,००० शब्दांची आहे. मोठ्याने वाचली तर अर्धा तास. 'ओ, व्हिसल…' त्याच्या दुप्पट. मोठ्याने वाचताना आवाज खोल करू नका, भीतीदायक भागात गती वाढवू नका. पंचनामा वाचल्यासारखं वाचा. थांबायचं ते भयानक वाक्याच्या आधी नाही, नंतर.

प्रस्तावना शेवटी वाचा. अभ्यासू आवृत्त्यांच्या प्रस्तावना शेवट सांगूनच सुरू होतात. आणि एका दिवशी एकच कथा. जेम्स सलग पाच वाचले की साचा उघडा पडतो: विद्वान, जुनी वस्तू, दुर्लक्षिलेला इशारा, शिक्षा. तिसऱ्या कथेपासून वाचक घाबरायचं सोडून अंदाज बांधायला लागतो. संग्रह विकत घेऊन एका रविवारी फडशा पाडणाऱ्यांची निराशा बहुतेक याच कारणाने होते.

क्रम विचाराल तर आधी 'द मंकीज पॉ', मग 'द सिग्नलमन', मग 'ओ, व्हिसल…', आणि 'कास्टिंग द रुन्स' चौथी. 'ग्रीन टी' त्यानंतर, डॉक्टरांचं स्पष्टीकरण सोडून देण्याच्या तयारीने. या सगळ्यांचे लेखक जाऊन साठहून जास्त वर्षं झाल्याने भारतात त्यांचे हक्क संपले आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मजकूर आणि लिब्रिव्हॉक्सवर वाचन फुकट मिळतं. इंग्रजी अवघड वाटलं तर जेकब्जपासूनच सुरुवात बरी, वाक्यं आखूड आहेत आणि संवाद भरपूर. जेम्स यांच्या कथांत मध्येच लॅटिन येतं. शिट्टीवरच्या ओळीचा अर्थ 'हा येणारा कोण आहे?' एवढा माहीत असला की पुरतं, बाकीचं लॅटिन सोडून दिलं तरी अडत नाही.